काटेवाले काका आणि आठ वाजताचं इन्सुलिन

पहिल्याच दिवशी त्या माणसाने मला विचारलं, "सिस्टर, ही सुई तुम्ही आत्ता उघडलीत, की आधीच उघडी होती?" पाकीट मी त्यांच्या नाकासमोर फाडलं होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही बघत होता ना?" तर म्हणाले, "बघत होतो. पण मधे पापणी लवली."

आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा. चोवीस वर्षं मी वॉर्डात काढली. रडणारे नातेवाईक पाहिले, भांडणारे पाहिले, डॉक्टरांच्या पाया पडून आमच्या अंगावर ओरडणारेही पाहिले. सगळ्यांना पुरून उरले. पण माझ्या हाताकडे असं टक लावून बघणारा माणूस पहिल्यांदाच भेटला, आणि खोटं कशाला बोलू, माझं डोकंच फिरलं.

अकरा नंबरच्या खाटेवर त्यांची बायको होती. डाव्या पायाला नवी चप्पल चावली, फोड आला, फोडाची जखम झाली. पंधरा वर्षांची साखर, त्यामुळे जखम भरायचं नाव घेईना. दाखल करतानाच डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, साखर आटोक्यात राहिली तर पाय वाचेल, नाहीतर कापावा लागेल. म्हणजे आमच्या हातात दोन गोष्टी होत्या, ड्रेसिंग आणि इन्सुलिन. ड्रेसिंगमध्ये माझा हात धरणारं वॉर्डात कुणी नाही. इन्सुलिनचं पुढे सांगते.

काकांचं आयुष्य मला कळलं ते काकूंकडून, रोज ड्रेसिंग करताना. जखम साफ करायची म्हणजे दुखणारच, म्हणून मी बायकांना बोलतं ठेवते. काकूंना तर बोलायला निमित्तच हवं असायचं, आणि विषय एकच, "आमचे हे". काका तिथेच बसलेले असायचे. काकूंची टाच तळहातावर धरून. जखमेकडे बघताना भल्याभल्यांना भोवळ येते, हे मात्र मान वळवायचे नाहीत.

एकतीस वर्षं हा माणूस एका मोठ्या गोदामाच्या फाटकावर वजनकाटा सांभाळत होता. ट्रक आत येताना भरलेला मोजायचा, बाहेर जाताना रिकामा मोजायचा, मधला फरक म्हणजे माल. ऐकायला सोपं. पण ड्रायव्हर लोक काय काय करायचे ते काकू तिखटमीठ लावून सांगायच्या. आत येताना पाण्याची पिंपं भरून आणायची आणि आतच ओतून बाहेर यायचं. सीटखाली दगड लपवायचे. एक चाक हळूच काट्याच्या बाहेर ठेवायचं. एकाने म्हणे आपल्या जाडजूड मेव्हण्याला मागे ताडपत्रीखाली झोपवलं होतं. काकांनी ताडपत्री उचलली तर मेव्हणा घोरत होता.

"तेव्हापासून ह्यांचा कुणावर विश्वास नाही," काकू म्हणाल्या.

"त्याच्या आधीही नव्हता," काका म्हणाले.

"हो, ते खरंच. मला बघायला दोनदा आले होते. दुसऱ्यांदा न कळवता. आई भांडी घासत होती, मी केस धुऊन बसले होते. दारात उभं राहून म्हणतात कसे, काही नाही, खात्री करायला आलो."

मी हसले. काका हसले नाहीत. ते माझ्या हातातल्या बाटलीवरची तारीख वाचत होते.

गोदामाच्या नोकरीतून सुटताना त्यांनी उरलेल्या काटापावत्यांचा गठ्ठा घरी आणला होता. तो आता दवाखान्यात आला. सकाळी सातला वॉर्डाचं दार उघडलं की सगळ्यात आधी हे आत. स्टूल ओढायचं, पावती मांडीवर घ्यायची, कानामागची पेन्सिल काढायची. पावतीवर छापलेलं असायचं, गाडी भरलेली, गाडी रिकामी, फरक. हे "भरलेली"च्या जागी सकाळची साखर लिहायचे, "रिकामी"च्या जागी इन्सुलिनचे युनिट, आणि "फरक"मध्ये दुपारची साखर. खाली वेळ आणि खाणं. बारा वाजता तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही त्यांनी एकदा विचारलं होतं, "तुमचं घड्याळ बरोबर आहे ना?"

आता आमच्या वॉर्डाची पद्धत सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. सकाळी सहा बायकांना इन्सुलिन असायचं. प्रत्येकीची फाइल आमच्या टेबलावर, वॉर्डाच्या पार त्या टोकाला. प्रत्येक सुईनंतर तिथवर जायचं, लिहायचं, परत यायचं, म्हणजे पायांचे तुकडे पडायची वेळ. म्हणून आम्ही काय करायचो, तर चिकटपट्टीचा एक लांब तुकडा खिशावर चिकटवायचा आणि त्यावर पेनाने लिहीत जायचं. सात नंबर दहा, नऊ नंबर आठ, अकरा नंबर चौदा. मग साडेदहाला चहा घेताना बसून पट्टीवरून सगळ्या फाइली भरायच्या. वेळ सगळ्यांची आठ, कारण डॉक्टरांनी आठच लिहिलेली. खाण्याच्या रकान्यात बरोबरची खूण. ताटगाडी येऊन गेली म्हणजे खाल्लंच असणार, नाही का? सगळ्या सिस्टर असंच करायच्या. माझ्या आधीच्यांनी मला हेच शिकवलं आणि मी माझ्या नंतरच्यांना. माझं अक्षर सुरेख आहे, तपासणीला आलेले लोक माझ्या फाइली दुसऱ्या वॉर्डांना दाखवायचे. मला त्याचा तोरा होता, कबूल करते.

तिसऱ्या दिवशी काकांनी टेबलावरच्या उघड्या फाइलींवर उभ्याउभ्या नजर टाकली. मी फाइल मिटायच्या आत त्यांनी वाचायचं ते वाचलं होतं.

"सिस्टर, सहा बायकांना आठ वाजता?"

"हो. मग?"

"एकाच मिनिटाला? तुम्हाला हात किती?"

"काका, नातेवाइकांनी फाइली बघायच्या नसतात."

"बरोबर आहे. ड्रायव्हरसुद्धा मला पिंपात बघू द्यायचे नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ड्रायव्हर? मी चोर? त्या दिवसापासून मीही त्यांच्यावर डोळा ठेवला. कारण माझ्याही मनात एक पाल चुकचुकत होती. काकूंची साखर खालीवर होत होती. एक दिवस एकशे साठ, दुसऱ्या दिवशी दोनशे सत्तर. औषध तेच, डोस तोच. मग मधे काय होतंय? मी पैजेवर सांगितलं असतं की म्हातारा बायकोचे लाड करतोय, काहीतरी गोड चारतोय. हा एवढा हिशेबी चेहरा वरवरचा, आतून पिशवीत बिस्किटं असणार.

मी मावशींना सांगितलं, काका हात धुवायला गेले की पिशवी बघा. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातली ताटं वाटणारी, बेडपॅन नेणारी, सगळ्यांची गुपितं माहीत असणारी बाई. मावशींनी बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसत आल्या. पिशवीत ताणकाटा होता. हुक असलेला, लहान. काका काकूंचा पाव फडक्यात बांधून हुकाला अडकवून मोजायचे. बिस्किट एकही नव्हतं.

माझी शंका मात्र गेली नाही. ज्याला एवढी लपवाछपवी पकडता येते त्याला ती करताही येत असणार, असं मी मनाशी म्हटलं. आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघायचो की मधे पडलेल्या काकूच म्हणायच्या, "अहो, तुम्ही दोघं माझ्याकडे पण बघा कधीतरी." आम्हाला दोघांनाही ती गंमत वाटली.

पाचव्या दिवशी सकाळी काकूंची साखर दोनशे नव्वद आली. त्या दिवशी मोठे डॉक्टर लवकर राउंड घेणार होते म्हणून माझी घाई. मी सात वीसलाच अकरा नंबरला चौदा युनिट टोचलं, पट्टीवर लिहिलं आणि पुढे पळाले. ताटगाडी आली सव्वाआठला. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला डॉक्टरांच्या मागे फाइली धरून फिरत होते. साडेनऊला बोलावणं आलं की अकरा नंबरला घाम फुटलाय. मी गेले तर काकूंचे कपडे भिजलेले, हात थरथरत होते, आणि त्या काकांना "दादा" म्हणत होत्या. माहेरच्या भावाला हाक मारावी तसं. मग तेही थांबलं. डोळे उघडे, पण ओळख नाही. बोटाला टोचून साखर बघितली, चौतीस.

चौतीस म्हणजे जिवाशी खेळ. शिरेतून ग्लुकोज दिलं, डॉक्टर धावत आले, दहा मिनिटांनी काकूंनी मान हलवली. काका भिंतीला टेकून उभे होते. हातात पावती होती, पेन्सिल खाली पडली होती. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. घाबरलेला माणूस काय करतो? रोजचं काम करतो. मी चहाच्या वेळी टेबलाशी बसले आणि पट्टीवरून फाइली भरल्या. अकरा नंबर, चौदा युनिट, वेळ आठ, खाणं बरोबरची खूण. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

डॉक्टरांनी ती फाइल वाचली. वाचून त्यांना जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. बाईने आठला इन्सुलिन घेतलं, पोटभर खाल्लं, तरी दीड तासात चौतीसवर आली, म्हणजे हा डोस हिला झेपत नाही. मूत्रपिंड थकलं असेल. त्यांनी चौदाचे सात केले. "पुन्हा असं झालं तर हातातून जातील," ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. कागदाप्रमाणे बरोबर होतं.

मग साखर चढली. तीनशे वीस, तीनशे साठ, तीनशे नव्वद. डॉक्टर एकेक युनिट भीतभीत वाढवायचे. जखमेला वास यायला लागला. डोस कमी केल्यापासून चौथ्या दिवशी शस्त्रक्रियेचे डॉक्टर आले, त्यांनी पायाला हात लावून बघितला आणि पेनाने घोट्याच्या जरा खाली एक रेघ काढली. "शनिवारपर्यंत वाट बघू. साखर अशीच राहिली तर इथून काढावा लागेल," म्हणाले. काकू त्या रेघेकडे बघत राहिल्या. काका माझ्याकडे बघत होते.

त्यांना माझा संशय होता हे मला दिसत होतं. त्यांना वाटत होतं की मी त्या दिवशी जास्त टोचलं आणि कमी लिहिलं. आणि मला अजून वाटत होतं की यांनीच काहीतरी केलंय. काय ते कळत नव्हतं.

त्याच दुपारी ते पाण्याची बाटली भरायला गेले आणि पावत्यांचा गठ्ठा स्टुलावर राहिला. काय सांगू, मी उचलला. काकूंचा डोळा लागलेला होता. पाचव्या दिवसाची पावती काढली. साखर दोनशे नव्वद. इन्सुलिन चौदा, वेळ सात वीस. बरोबर सात वीस, मी स्वतः विसरले होते, त्यांनी लिहिलं होतं. आणि खाणं, त्याच्यापुढे काहीच नाही. रिकामं.

बाकी सगळ्या पावत्या मी चाळल्या. साडेतीन पाव, एक अंडं, चहा बिनसाखरेचा, उरलेला बटाटा पाव वाटी. एक रकाना सुटलेला नव्हता. आणि ज्या दिवशी बाई मरता मरता वाचली त्या दिवशीचा रकाना या माणसाने मोकळा सोडला होता. मी गठ्ठा होता तसा ठेवला आणि मावशींना बाहेर गाठलं.

"मावशी, त्या दिवशी अकरा नंबरने नाश्ता केला होता का?"

मावशी इकडेतिकडे बघायला लागल्या. "काकांनी ताट परत पाठवलं होतं. म्हणाले, साखर एवढी वाढलीय आणि हे चार पाव कुणाचे? हे साखरवाल्यांचं ताट नाही, बरोबर ताट आणा. मी स्वयंपाकघरात दिलं. ते म्हणाले, बघतो. मग तुमची राउंडची धावपळ. मला वाटलं तुम्हीच सांगितलं असेल काकांना. माझं नाव नका घेऊ हं, सिस्टर."

ताट बरोबरच होतं. ते चार पाव धरूनच तो डोस ठरवलेला होता. चौदा युनिट आत गेलं आणि वर पोटात कण नाही. काकूंना चौदा झेपत नव्हतं असं नव्हतंच. त्या उपाशी होत्या. आणि माझ्या सुरेख अक्षरातली खूण सांगत होती की त्या जेवल्यात.

आता खरं सांगते, कुणी नाव ठेवलं तर ठेवो. पहिल्यांदा मला आनंद झाला. सापडला म्हातारा. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पिंपं तपासली आणि स्वतःचं पिंप लपवलं. पण डॉक्टरांना सांगायला पाऊल उचललं तेव्हा लक्षात आलं की सांगायचं म्हणजे आधी माझी खूण खोटी होती हे सांगायचं. वेळ खोटी, खूण खोटी. आणि मग विचारतील, बाकीच्यांचं काय? त्या आठवड्यातलं, त्या महिन्यातलं, चोवीस वर्षांतलं?

मी गप्प बसले. घरी गेले, बहिणीशी फोनवर गप्पा मारल्या, जेवले. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना ती पेनाची रेघ पुसली जाऊ नये म्हणून जपून कापूस फिरवला, आणि त्या वेळी मला माझीच किळस आली. मी कापूस टाकला आणि काकांना म्हटलं, "जरा बाहेर या."

जिन्याशेजारी ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर ठेवतात तिथे आम्ही उभे राहिलो.

"त्या दिवशी ताट तुम्ही परत पाठवलंत," मी म्हटलं.

त्यांनी उलट विचारलं, "तुमच्या कागदावर काय लिहिलंय?"

"खाल्लं म्हणून."

"वेळ?"

"आठ."

"मी म्हटलंच होतं," ते म्हणाले, पण आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. "मी चार दिवस हेच धरून बसलो होतो की तुम्ही जास्त टोचलंत. मला ते धरूनच बसायचं होतं."

"मग रकाना मोकळा का सोडलात?"

ते सिलिंडरवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "लिहिलं असतं तर तिला मी पाडलं असं झालं असतं."

"आणि मला सांगायचं म्हणजे मी खोटं लिहिलं असं होतंय. म्हणून कालपासून मी पण गप्प आहे."

"कालपासून?" त्यांनी मान वर केली. "काल सांगितलं असतंत तर काल डोस वाढला असता."

"आणि तुम्ही पाच दिवसांपूर्वी सांगितलं असतंत तर?"

अजूनही दोघांच्या मनात तेच होतं, हा आत जाऊन सगळं माझ्यावर ढकलणार, ही आत जाऊन सगळं माझ्यावर ढकलणार. शेवटी काका म्हणाले, "एकत्र जाऊ. म्हणजे मला ऐकू येईल तुम्ही काय सांगताय." मी म्हटलं, "मलाही तेच हवंय."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे चौदा युनिट, सात वीसला, रिकाम्या पोटी?" आम्ही दोघांनी मान हलवली. त्यांनी फाइल ओढली, पुन्हा चौदा लिहिलं, ताट समोर आल्याशिवाय द्यायचं नाही असं खाली लिहिलं, आणि म्हणाले, "पाच दिवस मी या कागदावर उपचार करत होतो. बाईंवर नाही."

मोठ्या सिस्टरांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी आधी स्वतःच्या खिशावरची पट्टी ओरबाडून काढली. "तुझ्या एकटीच्या खिशाला आहे का ही?" म्हणाल्या. त्याच दिवसापासून अकरा नंबरच्या पायथ्याशी एक तक्ता लटकला, आणि आठवड्याभरात सगळ्या साखरेच्या खाटांना. साखर किती, ताट समोर आलं का, डोस किती, दुसऱ्या सिस्टरने वाचून सही केली का, घड्याळात बघून वेळ, आणि अर्ध्या तासाने ताटात किती उरलं. सगळं खाटेशीच लिहायचं. त्यात काकांचंही डोकं होतं. मोठ्या सिस्टरांना त्यांनी समजावून सांगितलं की गाडी काट्यावर उभी असतानाच आकडा लिहायचा असतो, खाली उतरली की माणूस आठवेल ते लिहितो. आधीचा रकाना मोकळा असेल तर पुढचा भरायचा नाही, हेही त्यांचंच. आणि सगळं ठरल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "पण ही पट्टी खिशाच्या आतून लावली तर?" मी खिसा उलटा करून दाखवला. तरी त्यांनी वाकून बघितलं.

साखर दोन दिवसांत दोनशेच्या खाली आली. शनिवारी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी ती घोट्याखालची रेघ स्पिरिटने पुसली. पण दोन बोटं काळी पडली होती, ती काढावी लागली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. "पाय राहिला हे नशीब. पाच दिवस आधी साखर खाली असती तर कदाचित बोटंही राहिली असती," ते म्हणाले.

काकूंना काही सांगितलेलं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी, त्या उशीला टेकून बसायला लागल्यावर, काका मला म्हणाले की आता सांगायला हवं. ते एका बाजूला स्टुलावर बसले, मी दुसऱ्या बाजूला उभी राहिले. काकांनी सुरुवात केली. "त्या दिवशी तू पडलीस ना, ते माझ्यामुळे. मी ताट परत पाठवलं. मला वाटलं चुकीचं आहे." मग मी म्हटलं, "आणि काकू, तुम्ही खाल्लंत असं मी लिहिलं. न बघता. म्हणून डॉक्टरांनी औषध कमी केलं, म्हणून पाय बिघडला." मी पेशंटसमोर कधी रडत नाही, त्या दिवशी रडले.

काकू आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. रागावल्या नाहीत. चादर सारखी करत म्हणाल्या, "मला माहीत होतं की मी खाल्लं नव्हतं."

काका म्हणाले, "तुला आठवतं?"

"नंतरचं नाही आठवत. पण भूक लागली होती ते आठवतं. तुम्हाला दोनदा म्हणाले, मला भूक लागलीय. आधी म्हणालात, थांब, ताट येऊ दे. मग म्हणालात, बरोबर ताट येऊ दे."

"मग नंतर बोलली का नाहीस? डॉक्टर रोज येत होते."

"डॉक्टर कागद बघायचे. सिस्टर तुमच्याकडे बघायच्या, तुम्ही सिस्टरांकडे. तुमच्या हातात पावत्या, त्यांच्या हातात फाइल. सगळ्यांचं लिहून झालेलं. मला वाटलं, मलाच भास झाला असेल, मी तर बेशुद्ध पडले होते."

काकांचा हात सवयीने कानामागे गेला. "दोनदा म्हणजे किती वा..." एवढं बोलले आणि तिथेच थांबले. हात खाली घेतला.

काकूंना त्यांचा अर्धवट राहिलेला प्रश्न कळला असावा, कारण त्यांनी उत्तर दिलं. "एकदा साडेसातला, सुई झाल्यावर. एकदा पावणेनऊला. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर आहे, दिवसभर मी तेच बघत असते. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."